ताप मला आलाय, शेळीला न्हाय

माझ्या आत्याला चार महिने ताप येत होता. रोज नव्हे. आठवडाभर यायचा; दिवेलागणीला अंग तापायचं, मध्यरात्री घामाने लुगडं भिजायचं आणि सकाळी ती पुन्हा उठून गोठ्यातल्या लेंड्या झाडायला लागायची. मग आठ-दहा दिवस काहीच नाही. गेला बाई एकदाचा, असं म्हणेपर्यंत पुन्हा सुरू. कंबर तर अशी धरली होती की पाटावरून उठताना भिंतीचा आधार लागे. आधी टायफॉइडचं औषध झालं, मग मलेरियाचं, मग कुणीतरी क्षयाची शंका काढली आणि छातीचा एक्स-रे स्वच्छ निघाला. शेवटी तालुक्याच्या गावी एका तरुण डॉक्टरबाईंनी विचारलं, “आजी, घरी जनावरं आहेत का? शेळ्या, मेंढ्या?”

आत्या म्हणाली, “हायत की सात-आठ शेरडं. पर ताप मला आलाय बाई, शेळीला न्हाय.”

“त्यातली एखादी एवढ्यात गाभडली का?”

आता आत्या गप्प. शिमग्याच्या आधी दोन शेळ्या लागोपाठ गाभडल्या होत्या. दुसरीची वार अडकली होती. ती आत्याने स्वतःच्या हाताने काढली, मेलेलं करडू उकिरड्यावर टाकलं, हात मातीला घासून धुतले आणि चुलीपुढे बसली. ज्वारीच्या काढणीचे दिवस. हाताला चिरा पडलेल्या होत्या. यात वेगळं असं तिने काहीच केलं नव्हतं. तिच्या आईनेही हेच केलं असतं.

डॉक्टरबाईंनी रक्त तपासायला पाठवलं. निदान आलं ब्रुसेलोसिस.

हा आजार ब्रुसेला नावाच्या जिवाणूमुळे होतो. पशुवैद्यकाच्या पुस्तकात त्याला सांसर्गिक गर्भपात म्हणतात. ब्रुसेलाच्या जाती बऱ्याच आहेत. गायी-म्हशींत मुख्यतः अबॉर्टस, डुकरांत सुइस आणि शेळ्या-मेंढ्यांत मेलिटेन्सिस. माणसाला या तिन्हींपासून आजार होतो, पण सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत त्रासदायक होतो तो मेलिटेन्सिसचा, म्हणजे शेळी-मेंढीचा. गंमत अशी की हे नाव एका बेटाचं आहे. रोमन लोक माल्टाला मेलिटा म्हणत. आत्याला जो प्रश्न विचारायला चार महिने लागले, तो माल्टात विचारायला अठरा वर्षं लागली होती.

माल्टाच्या शेळ्या

एकोणिसाव्या शतकात भूमध्य समुद्रातलं हे बेट इंग्रजांच्या ताब्यात होतं. तिथल्या छावणीतले सैनिक आणि नौदलाचे खलाशी एका चिवट तापाने आजारी पडत. मरत कमी, पण महिनोन्महिने खाटेला खिळून राहत. १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने या तापाने मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून जिवाणू वेगळा काढला. ‘ब्रुसेला’ हे नाव पुढे त्याच्यावरूनच पडलं. जंतू तर सापडला, पण तो माणसात येतो कुठून? गटारं तपासली, बंदरातलं पाणी तपासलं, धूळ तपासली, डास तपासले. १९०४ मध्ये त्यासाठी एक आयोगही नेमला गेला.

शेळीचा संशय मात्र कुणाला आला नाही, कारण माल्टातली शेळी ठणठणीत दिसायची. गवळी शेळ्यांचा कळप घेऊन दारोदार फिरे आणि गिऱ्हाईकासमोर भांड्यात धार काढून देई. याहून ताजं, याहून शुद्ध दूध कुठलं? १९०५ मध्ये थेमिस्टोक्लिस झॅमिट या माल्टाच्याच डॉक्टरने प्रयोगासाठी आणलेल्या शेळ्यांचं रक्त प्रयोगाआधी तपासलं, तर बहुतेकींच्या रक्तात या जंतूविरुद्धच्या खुणा आधीपासूनच हजर. मग बेटावरच्या शेळ्यांची पाहणी झाली. जवळपास निम्म्या शेळ्यांना लागण झालेली निघाली आणि साधारण दहांत एक शेळी दुधातून जिवंत जंतू बाहेर टाकत होती. त्याच वर्षी माल्टाहून शेळ्या घेऊन अमेरिकेला निघालेल्या एका जहाजावर खलाशांनी वाटेत मनसोक्त कच्चं दूध प्यायलं आणि एकेक करून आजारी पडले.

१९०६ मध्ये छावणीत शेळीचं दूध बंद केलं आणि सैनिकांतला ताप झपाट्याने खाली आला. बेटावरचे साधे लोक मात्र तेच दूध पीत राहिले आणि आजारीही पडत राहिले. शेळी हेच पोटापाण्याचं साधन असलेल्या माणसाला “तुझी धडधाकट शेळी रोगी आहे” हे पटवणं किती अवघड असतं, हे आपल्याकडे ज्याने प्रयत्न केला आहे त्याला विचारा. झॅमिटचं आणखी एक सांगतो, विषयाला सोडून आहे तरी. तो पुढे पुरातत्त्वात रमला आणि माल्टातली हजारो वर्षांपूर्वीची दगडी मंदिरं उकरून काढणाऱ्यांत त्याचं नाव आजही आदराने घेतलं जातं. जमिनीत गाडलेलं शोधायची खोड त्याला आधीपासूनच असावी.

जंतूला गर्भाशयातच एवढी गोडी का?

शेळीच्या पोटात हा जिवाणू शिरतो तो बहुधा तोंडावाटे. गाभडलेल्या शेळीच्या स्रावाने माखलेला चारा, पाणी, तिला चाटणं, हुंगणं. आत गेल्यावर तो लसीका गाठींत दबा धरून बसतो. शेळी रिकामी असेल तर बाहेरून काही कळत नाही. ना ताप, ना खाणं कमी.

शेळी गाभण राहिली की चित्र पालटतं. शेळी, मेंढी, गाय यांच्या वारेत एरिथ्रिटॉल नावाची एक प्रकारची साखर भरपूर असते आणि ब्रुसेलाला ती फार आवडते. गुळाच्या खड्याला मुंग्या लागाव्यात तसा तो वारेत गोळा होतो आणि तिथे बेसुमार वाढतो. वारेला सूज येते, पिल्लाचं पोषण तुटतं आणि शेळी गाभ टाकते. शेळीचा गाभणकाळ साधारण पाच महिन्यांचा. गाभडणं बहुतेक वेळा शेवटच्या दोन महिन्यांत होतं, म्हणजे चांगलं अंग धरलेलं, केस फुटलेलं करडू जातं. कधी दिवस भरूनही पिल्लू मेलेलं किंवा अगदी मरतुकडं जन्मतं. बोकडाच्या वृषणाला सूज येऊ शकते. गुडघ्यावर पाण्याची गाठ दिसली तर तिचाही संशय घ्यावा.

माणसाच्या वारेत ही साखर जवळजवळ नसते, म्हणून बायकांत हा आजार गर्भपाताचा आजार म्हणून ओळखला जात नाही. पण गरोदर बाईला लागण झाली तर गर्भपाताचा धोका आहेच. घरात कुणी पोटुशी असेल तर तिने गोठ्यात विणाऱ्या किंवा गाभडलेल्या शेळीजवळ जाऊच नये.

एक गोष्ट पाळणाऱ्याची हमखास फसवणूक करते. शेळी सहसा एकदाच गाभडते. पुढच्या वेताला नीट विते, करडू टिकतं, दूधही देते. मालक म्हणतो, चला, सुधारली. ती सुधारलेली नसते. प्रत्येक वेताच्या वेळी तिच्या वारेतून, स्रावातून आणि दुधातून जंतू बाहेर पडत राहू शकतात. गाभडल्यानंतर मेंढीचा स्राव दोन-तीन आठवडे जंतू सांडतो, शेळीचा दोन-तीन महिने. वाघरीत दाटीवाटीने बसलेल्या मेंढरांच्या वाड्यात याचा अर्थ काय होतो ते धनगराला वेगळं सांगायला नको.

गाभडणारी प्रत्येक शेळी ब्रुसेलाचीच असते असंही नव्हे. टक्कर, उपासमार, बुरशी लागलेला चारा, पीपीआर हा शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा रोग, खुरकूत आणि इतर अर्धा डझन जंतू याला कारण असतात. नुसत्या डोळ्यांनी फरक सांगता येत नाही, पशुवैद्यकालाही नाही. त्यासाठी रक्त तपासावं लागतं. आत्याच्या उरलेल्या शेळ्यांची ही तपासणी मी स्वतः पाहिली. पांढऱ्या फरशीवर रक्तातल्या पाण्याचा, म्हणजे सीरमचा, एक थेंब आणि शेजारी गडद गुलाबी द्रवाचा एक थेंब. त्या द्रवात मारलेले, रंग दिलेले ब्रुसेला असतात. लाकडी काडीने दोन्ही मिसळायचे, फरशी हलक्या हाताने डोलवायची आणि चार मिनिटं वाट बघायची. पहिल्या दोन शेळ्यांचे थेंब होते तसे एकसारखे गुलाबी राहिले. तिसरा मात्र नासलेल्या दुधासारखा फाटला, बारीक गुलाबी कण वेगळे आणि पाणी वेगळं. या चाचणीला रोज बेंगाल म्हणतात. ती स्वस्त आहे, सोपी आहे, आणि माणसाच्या रक्तावरही तीच चालते. पक्कं निदान व्हायला मात्र पुढची तपासणी लागते.

माणसाच्या अंगात

माणसाला लागण व्हायला फार जंतू लागत नाहीत. दहा ते शंभर पुरतात असं मानलं जातं. ते कातडीवरच्या चिरांतून जातात, डोळ्यात उडालेल्या थेंबातून जातात, कच्च्या दुधातून जातात आणि श्वासातूनही जातात. हवेतून जाणं किती सोपं आहे याचा पुरावा फार जुना नाही. २०१९ च्या उन्हाळ्यात चीनमधल्या लांझोऊ शहरात जनावरांसाठी ब्रुसेलाची लस बनवणाऱ्या एका कारखान्याने मुदत संपलेलं जंतुनाशक वापरलं. बाहेर पडणाऱ्या वाफेबरोबर जिवंत जंतू वाऱ्यावर गेले आणि आसपासच्या १०,००० हून जास्त लोकांना लागण झाली. त्यातल्या बहुतेकांनी शेळीला हातही लावला नव्हता.

आपल्या रक्तात जंतू खाणाऱ्या पेशी असतात. त्या ब्रुसेलालाही गिळतात. पण तो त्यांच्या पोटात मरत नाही, उलट तिथेच घर करतो. चोराने पोलीस चौकीतच बिऱ्हाड थाटावं, तसं. म्हणून तो शरीरभर हिंडतो, औषधाला सहजी सापडत नाही आणि ताप लाटेसारखा येत-जात राहतो. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला बहुधा एक ते चार आठवडे लागतात, कधी काही महिने. तोवर गाभडलेल्या शेळीची गोष्ट घरात कुणाच्या ध्यानातही राहत नाही.

लक्षणं म्हणजे ताप, रात्रीचा घाम, सांधेदुखी, कंबरदुखी, भूक मरणं आणि एक विचित्र मरगळ. आत्याला सगळ्यात जास्त त्रास या मरगळीचाच झाला. “अंगातलं कुणी काढून न्यावं तसं झालंय,” असं ती म्हणायची, आणि घरातल्यांना वाटायचं की म्हातारी कामाला कंटाळली. आजार जुना झाला की मणक्यात आणि माकडहाडाच्या वरच्या सांध्यात शिरतो. पुरुषांच्या वृषणाला सूज येते. क्वचित हृदयाच्या झडपेवर बसतो. या आजाराने माणूस दगावतो तो बहुतेक त्याच कारणाने. एरवी मरण दुर्मीळ आहे, पण माणूस महिनोन्महिने कामातून जातो. हातावर पोट असलेल्या घराला तेवढं पुरेसं असतं.

एकच चांगली गोष्ट म्हणजे माणसाकडून माणसाला तो सहसा होत नाही. त्यामुळे रोग्याचं ताट-वाटी वेगळी करायचं कारण नाही.

उपचार आहे आणि तो महाग नाही. अडचण आहे ती लांबीची. डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या दिवसातून दोनदा, पूर्ण सहा आठवडे. त्याच्या जोडीला तितकेच दिवस रिफॅम्पिसिन, किंवा सुरुवातीचे दोन-तीन आठवडे स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं. मोठ्या माणसांसाठी ही नेहमीची पद्धत. लहान मुलांना आणि गरोदर बायकांना औषधं वेगळी असतात. एकच औषध घेतलं किंवा दहाव्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडलं, तर ताप परत येण्याची शक्यता बरीच वाढते. यात आणखी एक गुंता आहे. रिफॅम्पिसिन आणि स्ट्रेप्टोमायसिन ही दोन्ही क्षयाचीही औषधं आहेत. म्हणून डॉक्टर आधी क्षय नाही ना याची खात्री करतात, आणि म्हणूनच मेडिकलमधून स्वतःच्या मनाने गोळ्या आणणं इथे फार वाईट. रिफॅम्पिसिनने लघवी केशरी होते. आत्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी तिने रक्त पडतंय म्हणून गोळ्या बंद केल्या आणि आम्हाला कळायला आठवडा गेला.

दूध, मटण आणि हात

माल्टात दोष दुधाचा होता. आपल्याकडे दूध घरात आलं की पहिल्यांदा गॅसवर चढतं आणि या एका सवयीने आपल्याला कितीतरी वाचवलं आहे. उकळलेल्या दुधात ब्रुसेला टिकत नाही. त्या दुधाचं दही, ताक, चहा, कशालाच भीती नाही. खरवस उकडलेलाच असतो. पण दोन सवयी मला खटकतात. एक म्हणजे धारोष्ण दुधाचं कौतुक. लहान पोराला आचळाखाली बसवून तोंडात धार सोडायची, म्हणे ताकद येते. दुसरी नवी आहे. डेंग्यूची साथ आली की प्लेटलेट वाढवायला शेळीचं कच्चं दूध शोधत शहरातली माणसं फिरतात आणि वाट्टेल तो भाव देतात. त्याने प्लेटलेट वाढतात याला पुरावा नाही. एका तापातून उठता उठता दुसरा विकत घ्यायचा, इतकाच त्याचा अर्थ.

मटण नीट शिजवलं की प्रश्न संपला. रक्ती, वजडी, पाया, सगळंच. धोका खाणाऱ्याला नाही, कापणाऱ्याला आहे. त्याच्या बोटाला सुरीचे वार असतात आणि समोर कधीकधी गाभण शेळी असते.

तरी आपल्या गावांत खरं दार हातांचंच. शेळी विताना किंवा गाभडताना कोपरापर्यंतचे हातमोजे घालावेत. ते नसतील तर शाबूत प्लास्टिकची पिशवी हातावर चढवून मनगटाशी बांधावी, तोंडाला फडकं बांधावं. वार, मेलेलं करडू आणि ओला झालेला पालापाचोळा कुत्र्याला उकरता येणार नाही इतक्या खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावा. कुत्रं ते खातं, त्यालाही लागण होते आणि ते गावभर नेतं. उकिरड्यावर टाकणं सगळ्यात वाईट, कारण सावलीतल्या थंड ओलाव्यात हा जंतू महिनोन्महिने जगतो. कडक उन्हात मात्र लवकर मरतो. गाभडलेली शेळी वेगळी बांधावी, जागा चुन्याने किंवा जंतुनाशकाने धुवावी आणि तिचं रक्त तपासून घ्यावं. बाजारातून आणलेलं नवं जनावर महिनाभर कळपात मिसळू नये आणि त्याआधी तपासून घेतलं तर उत्तमच. गावाचा एकच बोकड सगळ्यांच्या शेळ्यांना दाखवतात, तोही तपासायला हवा.

लागण झालेल्या शेळीला औषध देऊन बरं करता येतं का, हा प्रश्न प्रत्येक मालक विचारतो. खात्रीने नाही. जगभर अशी जनावरं कळपातून काढूनच टाकतात. मेंढ्या-शेळ्यांसाठी रेव्ह-१ नावाची जिवंत जंतूंची लस आहे आणि अनेक देशांत ती वापरतात. आपल्याकडे ११ सप्टेंबर २०१९ ला मथुरेत सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ब्रुसेलाची लस आहे, पण ती गायी-म्हशींच्या ४ ते ८ महिन्यांच्या मादी वासरांसाठी, आयुष्यात एकदाच. शेळ्या-मेंढ्यांना त्याच कार्यक्रमातून खुरकुताची लस मिळते, ब्रुसेलाची नाही. त्याच साली झालेल्या विसाव्या पशुगणनेत देशात १४ कोटी ८८ लाख शेळ्या आणि ७ कोटी ४२ लाख मेंढ्या मोजल्या गेल्या. एवढ्या जनावरांच्या बाबतीत सारी भिस्त पाळणाऱ्याच्या हातमोज्यावर आहे, हे मला धोरण म्हणून पटत नाही. माणसासाठी तर वापरात असलेली लसच नाही.

पशुवैद्यकांचा धोका वेगळाच. जिवंत लसीची सुई टोचतानाच स्वतःच्या बोटाला लागली तर त्या लसीचाच आजार होऊ शकतो. अशा वेळी डॉक्टरला कोणती लस होती तेही सांगायचं, कारण रेव्ह-१ वर स्ट्रेप्टोमायसिन चालत नाही.

आणि माणसांच्या दवाखान्यात गेल्यावर शेळ्यांचं नाव काढायचं, कुणी विचारो न विचारो. दोन आठवड्यांहून जुना ताप असेल तर “घरी शेळ्या आहेत, एक गाभडली होती, वार मी काढली” एवढं एक वाक्य. त्याने डॉक्टरच्या डोक्यातली यादीच बदलते. रक्तातला जंतू वाढवून बघायचा असेल तर प्रयोगशाळेलाही तसं आधी कळवतात. एक तर तो सावकाश वाढतो आणि दुसरं म्हणजे तो तिथल्या माणसांनाच गाठतो. प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना होणाऱ्या जिवाणूजन्य आजारांत याचा नंबर फार वर आहे.

आत्याने मध्ये सोडलेल्या गोळ्या पुन्हा पहिल्यापासून सुरू कराव्या लागल्या. सहा आठवडे पूर्ण झाले आणि ताप गेला. कंबर अजून कुरकुरते. गोठ्यात खुंटीला आता हातमोज्यांची पिशवी लटकते. रक्त फाटलेली शेळी निघाली, तेव्हा ती पुढे कसायाकडे गेली आणि जाताना गाभण नाही ना, हे त्याने आधी पाहून घेतलं. पण शिमग्याआधी गाभडलेल्या त्या दोन शेळ्या तपासायच्या राहूनच गेल्या. तपासणीची गोष्ट निघण्याआधीच आत्याने त्या आठवड्याच्या बाजारात विकल्या होत्या. दोन्हींचा एकच गिऱ्हाईक होता. नाव-गाव तिला आठवत नाही. सायकलला दुधाची कॅन अडकवलेली होती, दूध घालणारा असावा, एवढंच ती सांगते.